राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी अडवली, नोटिशीच्या पैशांवर जीएसटीही कापला. दाद कुठे मागायची?

प्रश्न: हिंजवडीकर

खासगी सॉफ्टवेअर कंपनी, मुख्य ऑफिस बंगळूरला, आमची शाखा पुण्यात. नोकरी 7 वर्षे 8 महिने. महिन्याचा एकूण मोबदला 80,000, त्यात बेसिक 32,000, डीए नाही. शेवटचा दिवस 27 फेब्रुवारी 2026.

नोटीस 90 दिवसांची होती, 55 भरले. उरलेल्या 35 दिवसांचे 93,333 रुपये फुल अँड फायनलमध्ये (एफअँडएफ, नोकरी सोडतानाचा अंतिम हिशोब) वळते केले, वर 18 टक्के जीएसटी म्हणून 16,800. शेवटचा पगार त्यातच संपला. ग्रॅच्युइटी 'नोटीस अपूर्ण म्हणून होल्डवर'. आधी 'नो ड्यूज'वर (काही येणं बाकी नाही, असा कागद) सही करा, मग रिलीव्हिंग लेटर देऊ, असं एचआर सांगते. करारात वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही असंही कलम आहे. वकील गाठण्याआधी स्वतः काय करता येईल?

प्रतिसाद 1: कामगार_कायदा

ग्रॅच्युइटीपासून सुरू करा, कारण तिथे कंपनीची बाजू सगळ्यात लंगडी आहे. ग्रॅच्युइटी जप्त करायची तर आधी कंपनीनेच तुम्हाला कामावरून काढलेलं असावं लागतं, तेही मालमत्तेचं नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणासाठी. तुम्ही राजीनामा दिलाय. नोटीस अपूर्ण राहणं हे कारण त्या यादीत कुठेच नाही.

आता आकडा. सूत्र तेच जुनं: शेवटचं वेतन × 15 ÷ 26 × वर्षे. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची 8 वर्षे. कंपनी 32,000 धरून 1,47,692 काढेल. तिथेच थांबवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झाल्यात. बेसिक-डीए सोडून बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. तुमचे भत्ते 48,000, निम्मे होतात 40,000, म्हणजे जास्तीचे 8,000 वेतनात येतात. वेतन 40,000 धरलं की ग्रॅच्युइटी 1,84,615. फरक जवळपास 37 हजारांचा. तुमचा शेवटचा दिवस त्या तारखेनंतरचा आहे, म्हणून हा हिशोब मागा.

ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून कंपनीला स्पीड पोस्टने पाठवा, पोहोच जपून ठेवा, ईमेलही करा. अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून 30 दिवसांत देण्याची जबाबदारी कंपनीचीच. पुढे व्याज चढतं. अर्ज करायचा तो पुढे 'मागितलीच नव्हती' म्हणायला जागा राहू नये म्हणून.

प्रतिसाद 2: पगारपत्रक

जीएसटीचं आधी निकालात काढतो. नोटीस पे (न भरलेल्या नोटिशीचे पैसे) वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्राच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात (क्र. 178) स्पष्ट आहे. परिपत्रकाचा क्रमांक टाकून 16,800 परत मागा. बहुतेक ठिकाणी पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी सेटिंग तशीच राहिलेली असते, त्यामुळे ही रक्कम एका ईमेलवरही सुटू शकते.

उरलेल्या 93,333 वर मात्र खरा वाद आहे. वेतन संहितेत कोणत्या कपातींना परवानगी आहे त्याची यादी आहे, तीत 'नोटीस पे' असं कलम नाही. कंपनी करारावर बोट ठेवेल. पण एका वेतन कालावधीतली एकूण कपात वेतनाच्या 50 टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, हे करारानेही बदलत नाही. अख्खा पगार शून्य करणं इथे अडकतं. शिवाय राजीनाम्यानंतर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. 'एफअँडएफला 45 दिवस लागतात' ही कंपनीची सवय, कायदा नव्हे. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं.

'नो ड्यूज'वर कोरी सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा: 'हक्क राखून, फक्त अमुक रकमेची पोच'. शिल्लक रजांचा आकडा हिशोबात दिसतोय का तेही बघा, हा रकाना हमखास रिकामा सोडतात.

हिंजवडीकर: दोन्ही दावे एकाच ऑफिसात?

प्रतिसाद 3: अर्ज_विभाग

नाही, आणि इथेच लोकांचे महिने वाया जातात. तुमच्या कंपनीच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत आहेत, म्हणून ग्रॅच्युइटीसाठी 'योग्य सरकार' (ज्याच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागायची ते) केंद्र ठरतं. अर्ज केंद्रीय सहाय्यक कामगार आयुक्तांकडे जातो. वेतनाचा दावा राज्याच्या कामगार आयुक्तालयात. ग्रॅच्युइटीचा अर्ज राज्याच्या ऑफिसात दिलात तर अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येईल. ग्रॅच्युइटीच्या अर्जाला 90 दिवसांची मुदत असते; उशीर सबळ कारणाने माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकील सक्तीचा नाही.

जोडायचं काय: नेमणूकपत्र, राजीनाम्याचा ईमेल आणि तो स्वीकारल्याचं उत्तर, सहा महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, एफअँडएफची शीट, लॅपटॉप परत केल्याची पावती. लॅपटॉपची पावती नसली की हटकून 'मालमत्ता परत केली नाही' निघतं. तशी नसेल तर आजच ईमेल करून तारीख आणि सिरियल नंबर लेखी घ्या.

पीएफकडेही बघा. फेब्रुवारीचा हप्ता 15 मार्चपर्यंत जमा व्हायला हवा होता. कंपनी 'डेट ऑफ एक्झिट' टाकत नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने ती स्वतः टाकता येते. हप्ताच नसेल तर ईपीएफआयजीएमएसवर (पीएफचं तक्रार पोर्टल) तक्रार. रिलीव्हिंग लेटर अडलं तरी यूएएनची (पीएफचा कायमचा क्रमांक) सर्व्हिस हिस्टरी आणि फॉर्म 16 यांवर बऱ्याच नव्या कंपन्या निभावून घेतात; त्या लेटरसाठी ग्रॅच्युइटी सोडण्याचा सौदा करू नका.

प्रतिसाद 4: कामगार_कायदा

स्पर्धक कंपनीचं राहिलं. नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 खाली रद्दबातल. पर्सेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान (2006) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं. गोपनीय माहिती, कोड, ग्राहकांची यादी सोबत नेणं मात्र वेगळा विषय, तिथे कंपनी खरोखर कोर्टात जाऊ शकते. ऑफिसच्या ड्राइव्हवरून स्वतःच्या मेलवर काही पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. स्लिपा आणि स्वतःचा पत्रव्यवहार पुरेसा आहे.