चितळांचा बंदोबस्त करायचा अधिकार राज्याच्या वनखात्याला का नाही?

भिवापूरचा शेतकरी:
उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला आमचं चार एकर वावर आहे. पलीकडच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, जंगलच. यंदा तूर फुलावर आली अन् चितळांचा कळप लागोपाठ तीन रात्री उतरला. रानडुक्कर उकरून ठेवतं, ते लगेच दिसतं. चितळ शेंडे खुडतं. लांबून वावर हिरवंगार, जवळ गेलं की फूल नाही. मी आणि मुलगा आळीपाळीनं जागलीला असतो. तो बारावीला आहे, मचाणावर टॉर्चच्या उजेडात वाचतो. ते पाहवत नाही.

अमेरिकेत किती हरणं मारायची हे तिथली राज्यं ठरवतात, हंगाम आणि परवाने ठरलेले असतात, असं वाचलं. आपल्याकडे सगळं दिल्लीच्याच हातात का? मला चितळ मारायची हौस नाही. पाडसासोबतची मादी दिसली की मीही हातातला दगड खाली टाकतो. पण कोणीतरी जबाबदारीनं ठरवायला पाहिजे की नाही?

नागपूरच्या सदर भागातला वकील:
भाऊ, अधिकार राज्याकडे अगदीच नाही असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ११ बघा. चितळासारखा परिशिष्ट २ मधला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून, ठरावीक भागापुरती मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. दिल्ली लागते ती कलम ६२ ला, म्हणजे प्राणी उपद्रवी जाहीर करायचा असेल तेव्हा. बिहारात रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, ते झालं. २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेवर रोही मारले गेले.

वनखात्यातून निवृत्त:
दादा, तुमचा त्रास खरा आहे, मी असे पंचनामे केलेत. पण अमेरिकेशी तुलना जपून करा. तिथे बहुतेक भागातून लांडगे माणसानंच संपवले, म्हणून बंदूक पुढे आली. तुमच्या जंगलात वाघ आहे आणि चितळ त्याचं रोजचं खाणं. चितळ घटलं की तो तुमच्या गोठ्याकडे बघणार. आणि हात जोडून सांगतो, तारेत थेट वीज सोडू नका. तुमच्याच जंगलातल्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेनं गेला. माणसंही जातात. सोलर कुंपणाचा झटका बसतो, जीव जात नाही. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्या.

भिवापूरचा शेतकरी:
काका, वकीलसाहेब, आभार. हे कलम ११ आम्हाला गावात कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे अधिकार नागपुरातल्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडेच आहे, तो वापरायला आमच्या वावरातली माहिती तिथपर्यंत पोचत नाही. जंगलातले चितळ मोजतात. रात्री धुरा ओलांडून किती येतात ते कोण मोजतं? परवानगी द्यायची की नाही, हे त्या आकड्याशिवाय कोणी कसं ठरवणार? उद्यापासून आम्ही सात शेजारी एका वहीत तारीख, गट नंबर आणि कळप लिहिणार, ग्रामसभेत ठेवणार. आधी मारायची नाही, मोजायची मागणी करू.

अर्ज मात्र उशिरा दिला होता, चौथ्या दिवशी. तो गेलाच समजा.

काका, एकच विचारतो. मधला धुरा सामाईक असेल तर दोघांत मिळून एक सोलर मशीन चालतं का?

वनखात्यातून निवृत्त:
चालतं. तारेखालचं गवत मात्र दर आठवड्याला कापा. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, अन् चितळाला ते लवकर कळतं.