अनुभव धागा : रिकामा बसलो होतो, तेव्हा एका अनोळखी माणसानं हाक मारली

'काय करतोस?' असं विचारलं की 'काय नाही, बसलोय' म्हणणारी पोरं कोल्हापुरात प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. मीही त्यातलाच होतो. अनोळखी माणसाला मदत करता करता कुणाला स्वतःची वाट सापडली असेल, किंवा घरातल्या कुणाची सापडताना पाहिली असेल, तर इथं मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करतो.

बारावी सायन्स झालो, इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले ते राहिलेच. घर उचगावात. दिवसभर तावडे हॉटेलपाशी गाडीवर बसायचं, रात्री अकराला घरी. वडिलांनी बोलणंच सोडलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर चढलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला आणि कागलच्या बाजूला ट्रकांच्या रांगा लागल्या. गल्लीतल्या बायका भाकरी थापत होत्या, मी वाटायला गेलो, तेही आईनं ढकललं म्हणून.

एका तमिळ ड्रायव्हरनं भाकरी बाजूला ठेवली आणि खिशातला रुमाल काढून सोडला. आत इन्सुलिनची रिकामी बाटली. ती उलटी धरून दाखवली आणि दोन बोटं वर केली. दोन दिवस औषध नव्हतं. त्याला मराठी-हिंदी येईना, मला तमिळ. बाटलीचा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन राजारामपुरी गाठली, तिसऱ्या मेडिकलात औषध मिळालं. तिथल्या काकांनी फोटो मोठा करून दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाटली चाळीसची हाय, म्हंजे एका मिलीत चाळीस युनिट. सिरिंज पण चाळीसचीच ने. शंभरची नेलीस तर डोस चुकंल, माणूस जाईल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्याशा सुईवरच्या रेघांत एवढं काही असतं! दुसऱ्या दिवशी वही केली, डाव्या बाजूला ट्रकचा नंबर, उजव्या बाजूला औषध. बीपीच्या गोळ्या, दम्याचा पंप, एकाला डोळ्यांचे थेंब. हायवे सुटला तेव्हा वहीत एकेचाळीस नंबर होते. पुढच्या वर्षी डी. फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला. आता एका मेडिकलात काउंटरवर असतो. सिरिंज मागायला कुणी आलं, की बाटली कितीची हे विचारल्याशिवाय हात पुढं करत नाही.

मंगळवार पेठेतली एक बहीण

माझा भाऊ पंचवीस वर्षांचा. तालमीत जायचा, तेही सोडलं. आजोबांना सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, दाखवायचं होतं, म्हणून वैतागतच बरोबर आला. तिथं चंदगड, गगनबावड्यापासून पार सिंधुदुर्गापर्यंतची माणसं येतात. बाकावर एक आज्जी केसपेपर उलटा धरून बसली होती. म्हणाली, "लेकरा, माझा नंबर गेला का बघ की." नंबर कधीच गेला होता. ती सकाळी सातपासून भलत्याच खिडकीपुढं बसली होती, आणि कुणाला विचारायची तिला लाज वाटत होती. हा तिला घेऊन तीन ठिकाणी फिरला, एक्स-रे काढला, एसटीत बसवून दिलं. आजोबा तोवर माझ्याकडं होते, आणि मी संतापले होते.

पुढच्या सोमवारी तो एकटाच गेला. मग दर सोमवारी. आम्ही म्हणायचो, हे किती दिवस टिकतंय बघू. चौथं वर्ष चालू आहे. पोटापुरतं मिळवायला कुरिअरचं काम धरलंय, सोमवारची सुट्टी मागूनच. कुठली खिडकी किती वाजता बंद होते, हे त्याला तोंडपाठ आहे. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की तो आता आईशी हळू बोलतो.

राजारामपुरी, वय २८

माझं थोडक्यात. मी प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या पेशी, दान करतो. त्या काढून ठेवल्या तर पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणून ऐन वेळी जिवंत माणूसच लागतो. डेंगीच्या दिवसांत रात्री दीडला फोन येतो आणि मी उठून जातो. आधी उशिरा उठायचो, दारू प्यायचो. दारू सुटली, कारण फोन कधीही येतो.

पन्हाळा रोड

सगळंच गोड नसतं, हेही लिहितो. वाघबिळाच्या वळणावर जखमी पडलेल्या एकाला मी दवाखान्यात नेलं. तिथं मलाच तीन तास बसवून घेतलं, "गाडी तुझीच होती का?" म्हणून. घरी येऊन ठरवलं, पुन्हा नाही. मग एका वकील काकांनी दाखवलं, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलंय, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणं मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. त्या कलमाची छापील प्रत डिकीत असते. त्यानंतर चौघांना नेलंय.

एक आई, शिवाजी पेठ

आमचं पोरगं गाड्या खोलायचं आणि तशाच सोडून द्यायचं. परड्यात निम्म्या गाड्या पडलेल्या. चैत्र यात्रेला जोतिबाच्या घाटात मेकॅनिक लोक भाविकांच्या गाड्या फुकट दुरुस्त करून देतात, तिथं एक मित्र याला घेऊन गेला. सोलापूरकडचं एक जोडपं, लहान बाळ, क्लचची तार तुटलेली, ऊन मरणाचं. ह्यानं तार घातली. त्या बाईनं जाताना ह्याच्या कपाळाला गुलाल लावला नि म्हणाली, "चांगभलं, दादा."

रात्री घरी आलं, ग्रीसनं हात काळे, गुलाल कानापर्यंत. जेवताना काही बोललं नाही. सकाळी सहाला परड्यात पान्याचा आवाज आला म्हणून बघाय गेले, तर शेजारच्यांची गाडी, जी ह्यानं दिवाळीत खोलून ठेवलेली, ती जोडत बसलं होतं.