अनुभव धागा: पाळलेल्या सरड्या-कासवांना कोणते किडे घालता?

धुऱ्यावरची
काल आमच्याकडे दारव्ह्याला मिरग बरसला. तिन्हीसांजेला ओट्यावरच्या लाइटाखाली पंखवाल्या उधईचा खच पडला, कोंबड्या खुराड्यात जाईनात. तेव्हा भाच्याचा बियर्डेड ड्रॅगन (पाळायचा परदेशी सरडा) आठवला, म्हणून लिहिते.

भाचा नागपूरला शिकायला होता, सुट्टीत घेऊन आला. विकणाऱ्यानं त्याला नुसत्या मिलवर्मवर, म्हणजे पिठातल्या किड्याच्या अळ्यांवर, वाढवलेलं. चालताना मागचे पाय थरथरायचे, खालचा जबडा दाबला तर रबरासारखा दबायचा. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, हाडातलं कॅल्शियम गेलंय. किड्याला हाडंच नसतात, मग कॅल्शियम येणार कुठून! रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सातेक पट, मिलवर्ममध्ये त्याहून कितीतरी जास्त. सरड्याला उलट हवं, कॅल्शियम दीडपट-दुप्पट. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडातून ओढतं.

तेव्हापासून घरात रातकिड्यांचा डबा आहे, आत अंड्याचे ट्रे. घालायच्या आदल्या दिवशी त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, कोहळं पोटभर. किड्यानं जे खाल्लं तेच सरड्याला पोचतं. मग पिशवीत कॅल्शियम पावडर टाकून हलवायचे, पांढरे झाले की लगेच समोर. वेळ गेला तर किडे अंग साफ करून पावडर उतरवतात. जबडा घट्ट व्हायला अख्खा पावसाळा लागला. एक पाय वाकडा राहिला तो राहिलाच.

तुम्ही काय घालता? कोंबड्या, मासेवाल्यांनीही लिहा.

पऱ्हाटीवाला
वावरातले नाकतोडे पकडून घालू नोका राजेहो. फवारलेला नाकतोडा लगेच मरत नाही, सुस्त होते, अन् तोच पयले हाती लागते. २०१७ साली आपल्या यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, तिथं त्या सरड्याचं काय.

ढगाकडे डोळे
दारव्ह्याले पडला?? दिग्रसले ढग येते न जाते. बियाणं घरात येऊन पडलं. टाकू का थांबू?

पऱ्हाटीवाला
@ढगाकडे थांब भाऊ. ७५ ते १०० मिमी झाल्याबिगर टाकू नोको. मागच्या साली आमच्या गावात अर्ध्याहून जास्त लोकायले दुबार पेरणी लागली.

कोसा आरमोरी
आमच्याकडे टसर रेशीम. अळ्या ऐनाच्या झाडावर वाढतात, कोसा (कोष) उकळून धागा काढला की आतली पुपा, म्हणजे कोषातला किडा, उरते. प्रोटीन भरपूर, तेलही भरपूर. कोंबड्यांना देतो, पण मोजून, रोज टोपलंभर नाही. ड्रॅगनवाल्यांनी शहतुतावरची रेशीमअळी बघावी, मऊ असते, चरबी कमी.

संत्रा बाग वरूड
मोहोळाच्या जुन्या पोळ्यात मेणअळ्या होतात ना, त्या पाहून सरडा येडा होतो. सगळी चरबी. एकदा चटक लागली की रातकिड्याकडे ढुंकून पाहत नाही. आजारातून उठलेल्या, सुकलेल्या जनावराला दोनचार ठीक, एरवी नको.

ढगाकडे डोळे
@पऱ्हाटीवाला बरं भाऊ. थांबतो.

मी परतवाड्याची
पोट्ट्यांना सांगून ठेवा, काजवे पकडून ड्रॅगनला द्यायचे नाहीत. एकसुद्धा नाही. त्यात विष असतं, सरडा मरतो. आमच्याकडे मेळघाटाजवळ जूनमध्ये झाडंच्या झाडं चमकतात म्हणून काळजीनं लिहितेय. दूध उतू चाललं, नंतर येते.

एक मास्तर
भावाच्या घरी इग्वाना आहे. तो पूर्ण पालेभाजीवर, किडे अजिबात नाहीत. लोक सगळ्या सरड्यांना एकाच मापात घेतात म्हणून सांगतो. पालकही रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

नवीन सदस्य अकोला
पावडर नाही भेटली तर पानाचा चुना चालते का?

धुऱ्यावरची
@नवीन नाही नाही!! तो चुना तोंड-आतडं भाजतो. कॅल्शियम कार्बोनेट हवं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून अगदी पिठासारखी दळली तर चालतात. आणि ऊन हवंच, त्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी३ होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही, त्यासाठी लागणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते.

नवीन सदस्य अकोला
बरं झालं इचारलं ताई. पण मे महिन्यात आमच्या अकोल्याच्या उनात ठेवला तर पापडच होईन त्याचा. रातकिडे तर डब्यातच मेले सारे.

संत्रा बाग वरूड
सकाळी कोवळ्या उन्हात ठेव, सावलीचा कोपरा पाहिजेच. रातकिड्याच्या डब्यावर ओलं गोणपाट टाक, हवा खेळू दे. पाण्याची वाटी ठेवू नको, पिल्लं बुडतात. काकडीची फोड पुरते. आणि उरलेले रातकिडे रात्री सरड्यापाशी सोडू नको, झोपलेल्या सरड्याला कुरतडतात.

मी परतवाड्याची
आले. किडा केवढा द्यायचा ते कुणी लिहिलंच नाही. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि कुणी घोरपडीचं पिल्लू नाहीतर चांदणी कासव घरी ठेवलं असेल तर खाणं विचारत बसू नका, वनविभागाला कळवा. आपल्याकडची ही जनावरं पाळणं गुन्हा आहे, आणि जंगलात ती सुखात असतात.

कोसा आरमोरी
@परतवाडा अगदी बरोबर बोललात ताई.

शेवगा प्रेमी
धुऱ्यावरची ताई, शेवगा कोणत्या जातीचा लावला? आमचा नुसता शेंगा देतो, पाला धरतच नाही.

धुऱ्यावरची
गावरानच आहे. छाटत जा, छातीएवढा ठेवला की पाल्याला पाला फुटतो. फांदी पाहिजे तर सांग, शनिवारी यवतमाळला येणं आहे.