सर्व्हरवरची सीडी म्हणे ‘पातळ’ वाजते!

ओमचा_नियम
परवा खर्जप्रेमी यांनी लिहिलं की एकच सीडी प्लेअरमध्ये लावली तर भरीव वाजते आणि तीच रिप करून (म्हणजे फाइल म्हणून उतरवून) घरच्या सर्व्हरवरून लावली तर पातळ आणि चिरकी. फ्लॅकपेक्षा (बिट न गमावता आवळलेली फाइल) वेव्ह (न आवळलेली) बरी. सर्व्हरचा साधा अ‍ॅडॉप्टर काढून लिनिअर पॉवर सप्लाय जोडल्यावर तर ‘पडदाच बाजूला झाला’. त्यावर झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही.

सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल. रिप नीट झाली तर हेच आकडे फाइलमध्ये उतरतात, आणि ती नीट झाली का हे कानाला नाही, चेकसमला (फाइलच्या आकड्यांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याला) विचारायचं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा रिप करायचा प्रोग्रॅम. ती संशयित जागा पुन्हा पुन्हा वाचते, अ‍ॅक्युरेटरिप तुमची रिप इतरांच्या रिपशी ताडून बघतं. फ्लॅक उलगडली की बिट न बिट वेव्हच. तिच्या पोटात मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे असाच एक चेकसम, असतो, बघा जुळवून.

मलाही फरक ‘वाटायचा’. शेवटी १ किलोहर्ट्झची टोन लावून मल्टिमीटर धरला. प्लेअर २ व्होल्ट देत होता, रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरचा डॅक (आकड्यांचा आवाज करणारं सर्किट) १.७. म्हणजे दीड डेसिबलचा फरक, आणि जो मोठा तो गोड. पातळी सारखी केली, भाचीला बटणं दाबायला बसवलं, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. १६ पैकी ९ ओळखले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

खर्जप्रेमी
वा! माझं नाव घेऊन धागा. तुमच्या भाचीच्या परीक्षेला मी बसलो नव्हतो, त्यामुळे तुमचे मार्क मला चिकटवू नका. तीस वर्षं ऐकतोय. मल्टिमीटरला तंबोऱ्याची जवारी ऐकू येते का?

आणि मी काही हवेत बोललो नव्हतो. आत्येभावाने १९८५ साली सिंगापूरहून आणलेली जपानी सीडी आहे, व्हायोलिनची. प्लेअरवर व्हायोलिन लाकडाचं वाटतं. सर्व्हरवर तेच फळ्यावर नख ओढल्यासारखं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आज काय बिघडलंय त्याचं?” तिला बिट माहीत नाहीत, व्होल्टही नाहीत.

ओमचा_नियम
स्वयंपाकघरातून ऐकू आलेला पुरावा! घ्या, संपलाच विषय.

खर्जप्रेमी
घरच्यांपर्यंत जाऊ नका. सांगून ठेवतोय.

मारव्याची_सांज
भांडा निवांत. माझं दुखणं वेगळंच आहे. २०० सीडी रिप केल्या, टॅग (गायक, राग वगैरे नावं) नेटवरून आपोआप आले. आता एकच गायक माझ्या सर्व्हरवर चार माणसं झालाय: एकदा ‘पंडित’ लावून, एकदा ‘पं.’, एकदा आडनाव आधी, आणि एकदा चक्क तबलजीच्या नावाखाली. बडा ख्याल आणि छोटा ख्याल वेगळे ट्रॅक, म्हणून शफल लावलं की विलंबित मारव्यानंतर दुसऱ्याच कुणाचं भजन. आवाजाची प्रत गेली चुलीत, आधी माणूस सापडू दे.

पेटीवाला
‘बिट न बिट तीच’ म्हणे! मुळात बिटंच चुकीची असतील तर? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या सीडी घ्या. माझ्याकडे एकच नाट्यपद दोन वेगवेगळ्या संकलनांत आहे. गायक तोच, तबकडी तीच, समेआधीची खरखरसुद्धा तीच. एका सीडीवर ३ मिनिटं १५ सेकंद, दुसरीवर ३:१०. पाच सेकंद गेले कुठे? पेटी घेऊन बसलो. ३:१५वालं काळी एकला चपखल बसतं. ३:१०वालं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या फटीत. तुमचा चेकसम दोन्हीला ‘शाब्बास’ म्हणणार.

ओमचा_नियम
सुरुवातीची शांतता कापली असेल. धागा भरकटवू नका.

पेटीवाला
पहिल्या समेपासून शेवटच्या समेपर्यंत मोजलंय. शेंबडं पोर समजता का?

ओमचा_नियम
बरं. पण तुमची पेटी आजची, ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली. तेव्हाची पेटी ४४०लाच लावलेली होती हे कुणी सांगितलं? फटीत बसलेलंच खरं असू शकतं.

पेटीवाला
असू शकतं! म्हणजे दोनपैकी एक सीडी चूक आहे एवढं तरी मान्य. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ला आलं, त्याआधी वेगाला धरबंध नव्हता. ८०वर कोरलेल्या तबकड्याही आहेत. ८०ची तबकडी ७८वर फिरवली की अडीच टक्के खाली. शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर सहा टक्क्यांचं, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी गेली. गवयाचा गळाच बदलतो हो! तान जड होते, आवाज म्हातारा होतो. आणि पोरं तोच आवाज खरा मानून नक्कल करतात. माझ्या एका विद्यार्थ्याने महिनाभर घसा खरवडून ‘त्यांच्यासारखा’ खर्ज लावला. तो खर्ज त्यांचा नव्हताच, मोटरचा होता.

मारव्याची_सांज
“मोटरचा होता” 😂 दंडवत घ्या.

खर्जप्रेमी
पेटीवाले, तुम्हाला पाच सेकंद ऐकू आले तर तो अभ्यास, आणि मला चिरकेपणा ऐकू आला तर भास. चालू द्या.

मिलपिटसकर
उशिरा आलो, इकडे रात्र होती. खर्जप्रेमी, १९८५ची जपानी म्हणालात ना? प्री-एम्फसिस आहे का बघा. त्या काळात बऱ्याच सीडी ट्रेबल, म्हणजे आवाजाचा वरचा, तीक्ष्ण भाग, मुद्दाम चढवून भरायचे, अगदी टोकाला साधारण १० डेसिबलपर्यंत, आणि डिस्कवर तशी खूण ठेवायचे. प्लेअर ती खूण वाचून ट्रेबल परत उतरवतो. रिप करणारा प्रोग्रॅम आकडे जसेच्या तसे उचलतो, उतरवत कुणीच नाही. शिवाय काही डिस्कवर ही खूण विषयसूचीत नसतेच, फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत भरलेल्या जास्तीच्या माहितीत) असते, त्यामुळे रिप करताना दिसतही नाही. सॉक्स या आवाजाच्या फाइलींवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीएम्फ नावाचा इफेक्ट आहे, तो फाइलवर चालवा. मीही एका पियानोच्या सीडीपायी वर्षभर स्पीकरला शिव्या घालत होतो.

ओमचा_नियम
…हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

खर्जप्रेमी
काय म्हणालात? जरा मोठ्याने. दीड डेसिबल चढवून.

ओमचा_नियम
म्हणालो की या एका सीडीपुरता तुमचा कान बरोबर होता. कारण मात्र साफ चूक. फ्लॅकचा संबंध नाही, आणि पॉवर सप्लायचा तर बादरायणही नाही. तो जोडल्यावर पडदा बाजूला झाला म्हणालात, मग व्हायोलिन अजून नख कसं ओढतंय?

खर्जप्रेमी
ती सीडी सप्लाय घेतल्यानंतर लावलीच नव्हती. आत्ता डीएम्फ चालवून ऐकली. लाकूड परत आलं. मिलपिटसकर, आभार. ओमसाहेब, तुमचा चेकसम जुळलेलाच होता बरं का, तरी आवाज चूक निघाला. हे कुठे तरी लिहून ठेवा. वेव्हबद्दल मी मागे हटत नाही.

ओमचा_नियम
नका हटू. तुमच्याच हार्डडिस्कवर दुप्पट जागा जाईल, माझं काय जातंय.

मिलपिटसकर
डिस्कवरून आठवलं, बॅकअप ठेवा रे. मागच्या दिवाळीला घरी आलो तेव्हा बाबांनी मोठ्या कौतुकाने भरलेली एकुलती एक हार्डडिस्क टकटक करत बसली. सीडी पोटमाळ्यावर. लेबलच्या बाजूला चरे पडले होते, आणि अ‍ॅल्युमिनियम त्याच बाजूला असतं. खालचं प्लास्टिक पुसत बसून उपयोग काय? ३१ सीडी परत वाचल्याच नाहीत.

पेटीवाला
वाईट झालं. पण माझा प्रश्न तसाच लोंबकळतोय. ३:१० की ३:१५?

मारव्याची_सांज
पदाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मिरजेला आजोबांच्या पेटाऱ्यात तीन-चारशे तबकड्या आहेत, मूळ निघेलही.

पेटीवाला
केला! निघाली तर लगेच रेकॉर्ड करून पाठवा, पट्टी मी लावतो.

मारव्याची_सांज
निघाली. तडा नाही, लेबलसुद्धा शाबूत. भावाच्या टर्नटेबलला वेग कमीजास्त करायचा काटा आहे. कितीवर ठेवू?