नेपाळला छोट्या गटात सेवेसाठी जातोय, राहून आलेल्यांचा सल्ला हवा

नगरची_सिस्टर

जय ख्रिस्त. मी नगरची, बारा वर्षं नर्सिंग करतेय. मिस्टर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतात. आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) दोन वर्षांसाठी नेपाळला जायचं ठरतंय. पोखऱ्याहून पाच-सहा तास वर एक गाव आहे, तिथल्या छोट्या दवाखान्यात मी आणि सोलर-वायरिंगच्या कामात हे. गट पाच मोठ्या माणसांचा: केरळचं एक जोडपं, मिझोरमची एक ताई, आणि आम्ही दोघं. आमची सात वर्षांची मुलगीही बरोबर.

पाचारणाबद्दल, म्हणजे देवाच्या बोलावण्याबद्दल, मनात शंका नाही, दोन वर्षं प्रार्थना करून मगच हो म्हटलं. पण प्रत्यक्ष काय लागतं ते सांगणारं कुणी भेटत नाही. मंडळीत विचारलं की "देव पुरवील" म्हणतात. तो पुरवीलच, पण बॅग मलाच भरायचीय. जायच्या आधी काय विचारून घ्यावं, भाषेची तयारी कशी करावी, पाच जणांत कसं निभावतं? आणि सासूबाई इकडे एकट्या राहणार, वय ७४.

डोंगरवाट

जय ख्रिस्त ताई. मीही नर्स, नेपाळच्या डोंगरात चार वर्षं होते. लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी कायदा. नेपाळच्या २०१५च्या संविधानात कलम २६ आहे, त्यानुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं काम संस्थेकडून जायच्या आधी पूर्ण करून घ्या. माझं ठाम मत: कागदावर नर्स असाल तर मनापासून नर्सच असा. दवाखाना ही सबब आणि "खरं काम" वेगळं, असं मनात ठेवून गेलात तर पेशंटला ते महिन्याभरात कळतं. कुणी आपणहून तुमच्या विश्वासाबद्दल विचारलं तर खरं ते सांगा. औषध देताना मात्र विषय काढू नका, आजारी माणूस तुमच्यापुढे अडलेला असतो.

भाषा. लिपी देवनागरी, त्यामुळे आपल्याला पहिल्याच दिवशी पाट्या वाचता येतात, आणि तिथेच फसगत होते. दुसऱ्या आठवड्यात एक आजी आल्या, म्हणाल्या, "खुट्टा दुख्यो." दुख्यो कळलं, खुट्टा कळेना. मी त्यांचं पोट चाचपत बसले आणि त्या बिचाऱ्या पाय पुढे करत राहिल्या. खुट्टा म्हणजे पाय! रिँगटा म्हणजे चक्कर, वाकवाकी म्हणजे मळमळ, ज्वरो म्हणजे ताप, टाउको म्हणजे डोकं. असे दोनशे शब्द इथूनच वहीत उतरवून न्या. हिंदी पुष्कळांना समजते, म्हणून आपण भारतीय आळशी होतो. पण दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना ती येत नाही. आणखी एक, आपण लाडानं "अगं आजी" म्हणतो तसं तिथे चालणार नाही. तँ, तिमी, तपाईं अशा पायऱ्या आहेत, मोठ्यांना तपाईंच. पहिले तीन महिने फक्त भाषा, ड्युटी नाही, हे संस्थेकडून लेखी घ्या.

आता गट. आम्ही सहा जण होतो. बायबलमधल्या वचनाच्या अर्थावरून आमच्यात कधी वाद झाला नाही, झाला तो गरम पाण्यावरून. थंडीत सोलरचं पाणी दोन बादल्या निघायचं आणि ते रोज त्याच दोघांना मिळायचं. कुणी बोलून दाखवलं नाही. तीन आठवडे आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही, आणि रोज सकाळी एकाच सतरंजीवर बसून प्रार्थना मात्र करत होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी बसायचं ठरलं: स्वयंपाक, सिलिंडर, पाणी, खर्च, सगळं वहीत. तेव्हा कुठे घर झालं ते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ही वही घाला. आणि गटप्रमुखाशीच बिनसलं तर कुणाला फोन करायचा, ते नाव गटाबाहेरचं असू द्या आणि जायच्या आधी ठरवा.

नेपाळमध्ये उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुटी शनिवारची. रविवारी दवाखाना चालू. म्हणजे शनिवारी उपासना, रविवारी ड्युटी, आणि विश्रांती कधीच नाही, असं सहज होतं. आठवड्यातला एक अर्धा दिवस तरी मागून घ्या. २५ एप्रिल २०१५चा भूकंप शनिवारीच दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा कितीतरी मंडळ्या उपासनेत होत्या. ती आठवण तुम्हाला लोकांकडून ऐकायला मिळेल. त्या वेळी काही समजावू नका, नुसतं जवळ बसा.

वसईचा_पाववाला

मी कॅथलिक, पण एक नाव सुचवतो. गोव्याचे जोसेफ वाझ, जन्म १६५१, बाणावली. डच अंमलातल्या श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, तरी १६८७ मध्ये ते गरीब मजुराच्या वेशात तिथे पोचले. तमिळ शिकले, सिंहली शिकले. बेटावरच्या कँडी या स्वतंत्र राज्याच्या राजानं त्यांना पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत टाकलं. पुढे १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि राजाचं मन बदललं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. सिस्टर, तुमचं काम त्याच वाटेवरचं आहे.

नगरची_सिस्टर

डोंगरवाट ताई, गरम पाण्याचं वाचून डोळे भरून आले. वही घालणारच. वसईकर दादा, आभार. आमच्या नगरलाही मिशनरी सिंथिया फरारबाई १८२७ मध्ये अमेरिकेहून निघून मुंबईमार्गे आल्या, मराठीतून मुलींना शिकवलं आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. लहानपणापासून त्यांचं नाव ऐकलंय, पण आपण जाणारे होऊ असं कधी वाटलं नव्हतं.

एक अडचण. मंडळीला दर महिन्याला फोटो हवेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला.

डोंगरवाट

तिथल्या विश्वासणाऱ्यांचे चेहरे, नावं, गावाचं नाव, काहीही ग्रुपवर नको. आमच्या पाठिराख्यांपैकी एकानं प्रार्थनासभेचा फोटो प्रेमापोटी पुढे पाठवला आणि तो फिरत फिरत त्याच तालुक्यात पोचला. आम्ही परत आलो असतो, पण फोटोतल्या बाईंना तिथेच राहायचं होतं. भातखाचरांचे, पुलाचे, मुलीच्या चित्रांचे फोटो पाठवा. आणि हे पाळकसाहेबांना उपासनेत सर्वांसमोर सांगायला लावा, तुम्ही सांगितलंत तर लोकांना लपवाछपवी वाटेल.

पाळकबाई_श्रीरामपूर

मी पाठवणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. आमच्या मंडळीनं एक जोडपं पाठवलं तेव्हा पैशाची सोय चोख होती, मागे राहिलेल्या आईची कुणीच केली नव्हती. सासूबाईंसाठी दोन नावं ठरवा: एक दवाखान्यात नेणारं, एक रोज संध्याकाळी डोकावणारं. "सगळी मंडळी बघेल" म्हणजे कुणीच बघत नाही. रात्री-बेरात्री निघावं लागलं तर परतीच्या तिकिटाचे पैसे आजच बाजूला ठेवा.

आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावायला आत्तापासून शिकवा. आमच्या त्या आईंना फोन घ्यायला जमायचं, पण त्या तो कानालाच लावायच्या, आणि मुलाला स्क्रीनवर आईच्या चेहऱ्याऐवजी कान दिसायचा.