जुन्या सर्व्हरवरचे डेलाइट सेव्हिंगचे नियम बदलायचे, की मशीनला हातच लावायचा नाही?

औंधकर
नमस्कार मंडळी. हिंजवडीत सपोर्टचं काम करतो. टीममध्ये दोन आठवडे एक वाद चाललाय, तो इथे मांडतो.

मेक्सिकोतल्या एका कारखान्याचा हजेरीचा सर्व्हर आम्ही पुण्यातून सांभाळतो. विंडोज सर्व्हर २००३. त्याचा सपोर्ट जुलै २०१५ मध्येच संपला, पण पंचिंगचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून मशीन अजून आहे.

मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत) बंद केलं. अमेरिकेला लागून असलेली काही शहरं तेवढी वगळली. आमच्या सर्व्हरवर नियम जुनाच राहिला. २ एप्रिल २०२३, रविवार. तिकडे पहाटेचे दोन वाजले, आपल्याकडे दुपारचा दीड, आणि सर्व्हरचं घड्याळ एक तास पुढे गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी साडेपाचला मी चहा टाकत होतो तेव्हा फोन आला. तिकडे सकाळचे सहा. पहिल्या पाळीची माणसं वेळेवर आली होती आणि मशीन प्रत्येकाला तासभर लेट मार्क लावत होतं.

तिथल्या सुपरवायझरने साहजिकच माउस घेतला आणि घड्याळ सातवरून सहावर आणलं. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळलं. पण विंडोज आत यूटीसी (जगाची समान प्रमाणवेळ) धरून चालतं, ते आता एक तास मागे गेलं. डोमेनच्या (कंपनीच्या सामायिक नेटवर्कच्या) लॉगिनमध्ये घड्याळांचा फरक साधारण पाच मिनिटांपर्यंतच चालतो. हजेरीची फाइल पगाराच्या सर्व्हरवर जाईना. सोमवारची रात्र त्यातच गेली.

माझं मत: मशीन कितीही जुनं असो, चालू आहे तोवर त्याचे वेळेचे नियम अद्ययावत ठेवणं हे आपलं काम आहे. आणि हाताने घड्याळ सरकवायला सक्त मनाई हवी.

कर्वेनगर_जुना
काम वाढवताय राव. मेक्सिकोसाठी 'घड्याळ आपोआप बदला' हा टिक काढला की संपलं. नाहीतर सेंट्रल अमेरिका झोन निवडा, तोही यूटीसीच्या सहा तास मागेच आहे आणि त्यात डेलाइट सेव्हिंग नाही. नियम रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) असतो, ४४ बाइटचा, हेक्स आकड्यांत. त्यात एक आकडा चुकला की महिना बदलतो. शिवाय २००३ मध्ये एका झोनला एकच नियम बसतो, वर्षागणिक वेगळे नियम व्हिस्टापासून आले. आज नियम बदललात की २०२१ च्या उन्हाळ्यातल्या हजेरीचे रिपोर्ट एक तास सरकतील. कामगार न्यायालयात गेला तर कुठला रिपोर्ट दाखवाल?

औंधकर
रिपोर्टचा मुद्दा खरा आहे, तो मला सुचला नव्हता. पण टिक काढलात तरी २०२१ चा उन्हाळा सरकतोच की! सेंट्रल अमेरिका घेतलात तरी तेच. म्हणजे हे दुखणं तुमच्या उपायातही आहे. जुने रिपोर्ट आधी काढून ठेवणं हाच त्यावर इलाज दिसतो.

रात्रपाळी_२००४पासून
टिक काढायचा सल्ला देणाऱ्यांनी २००७ आठवावं. अमेरिकेने डेलाइट सेव्हिंग रद्द केलं नव्हतं, लांबवलं होतं. कायदा २००५ चा, अंमल २००७ पासून. एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चचा दुसरा, ऑक्टोबरच्या शेवटच्याऐवजी नोव्हेंबरचा पहिला. त्या वर्षी ११ मार्च ते १ एप्रिल, पूर्ण तीन आठवडे जुनी मशीनं एक तास मागे राहणार होती. टिक काढून काय मिळालं असतं?

विंडोज २००० ला फुकट पॅच नव्हता. टीझेडएडिट नावाचं छोटं टूल होतं, त्यात महिना आणि कितवा रविवार एवढं भरायचं. मी मगरपट्ट्यातल्या ऑफिसात वहीत मशीनची यादी करून एकेकावर खूण करत बसले होते. दहाव्या मशीनवर कळलं की जावा (ज्यावर काही सॉफ्टवेअर चालतात) स्वतःचे नियम वेगळे बाळगतं, विंडोज बदलून त्याला काही फरक पडत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू. औंधकरांच्या बाजूने आहे.

सिमला_ऑफिस_स्टॉप
मुळात स्थानिक वेळेत मशीन ठेवताच कशाला? आपल्या वेधशाळेकडे बघा. 'सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत अमुक मिलिमीटर' असं आपण पेपरात वाचतो. ते साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन. जगभर वेध त्याच ठोक्याला घेतात, कुठल्या देशाने घड्याळ हलवलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सगळे जुने सर्व्हर यूटीसीवर टाका आणि नियम विसरा.

औंधकर
पावसाला पाळी नसते, माणसाला असते. पहिली पाळी 'सकाळी सहाला' सुरू होते, आणि ते सहा कुठल्या यूटीसीला येतात हे तिथलं सरकार ठरवतं. नोंदी यूटीसीत ठेवा, बरोबरच आहे. पण लेट मार्क लावताना कुठेतरी नियम लागतोच. तो मशीनवर नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये असेल, आणि तिथे जुना राहील.

पाषाण_युनिक्स
नियम बदला, पण डोळे उघडे ठेवून. जुन्या लिनक्सवर लोक नव्या मशीनवरची टाइमझोनची फाइल उचलून टाकतात. टाइमझोनच्या डेटाच्या २०२० च्या 'बी' आवृत्तीपासून त्या फाइली मुळात 'स्लिम', म्हणजे आटोपशीर बनतात. ज्या जुन्या सिस्टिम फक्त ३२ बिटचा भाग वाचतात, त्यांना त्यात काहीच सापडत नाही. झिकला (या फाइली बनवणाऱ्या टूलला) 'फॅट' पर्याय देऊन फाइल बनवा, मग जुन्या मशीनवर न्या. झेडडंपने (झोनचे बदल दाखवणाऱ्या टूलने) त्या वर्षाच्या तारखा डोळ्यांनी बघा. आणि क्रॉन (ठरल्या वेळी जॉब चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करा, चालू प्रोसेस जुनाच नियम डोक्यात धरून बसते. नोव्हेंबरात अमेरिकेत रात्री दीड दोनदा वाजतो, त्या वेळेला लावलेले जॉब आधी तपासा.

सहज म्हणून झेडडंप आशिया-कोलकातावर, म्हणजे आपल्या झोनवर, चालवून बघा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ आपलं घड्याळही युद्धामुळे तासभर पुढे होतं, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. आपल्याला हा विषय परका नाही.

कर्वेनगर_जुना
सगळं कबूल, तरी माझा मूळ आक्षेप राहतोच. मोरोक्कोने २०१८ मध्ये घड्याळ बदलायच्या दोन दिवस आधी निर्णय जाहीर केला. लेबनॉनने २०२३ च्या मार्चमध्ये बदल पुढे ढकलला आणि काही दिवसांतच तो फिरवला. कुठवर धावणार? आपण दरवेळी ठिगळ लावतो, म्हणून क्लायंट नवीन मशीन घेत नाही. एकदा पगार अडकला की दुसऱ्या दिवशी बजेट पास होतं. मी पाहिलंय.

औंधकर
पगार अडकतो तो बजेट पास करणाऱ्याचा नाही हो, पाळीवर वेळेत आलेल्या माणसाचा. त्या रविवारी लेट मार्क लागलेल्यांची यादी माझ्यासमोर होती आणि एकेक ओळ हाताने दुरुस्त करावी लागली. नवीन मशीनसाठी मीही दर तिमाहीला मेल टाकतो, टाकत राहीन. तोवर मात्र नियम बदलणार.

पाषाणकर, फॅटबद्दल आभार. आमचं एक जुनं लिनक्सही आहे, त्यावर फाइल मी तशीच उचलून टाकली होती. आज रात्री तपासतो.

रात्रपाळी_२००४पासून
तपासाल तेव्हा जावाही बघा.