हंगेरी, क्रोएशिया: अल्पसंख्याक मतदारांच्या केंद्रावर निरीक्षकाने काय बघायचं?

कोरी पाटी
ओएससीईच्या (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना, ती निवडणुकांवर निरीक्षक पाठवते) मोहिमेत अल्पकालीन निरीक्षकाला एका केंद्रावर जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात राष्ट्रीय अल्पसंख्याकांवर अन्याय होतोय की नाही हे कसं ओळखायचं? हंगेरीत त्यांची वेगळी मतपत्रिका असते म्हणे. ती आपल्या राखीव जागांसारखीच ना?

शाईचा ठिपका
नाही. आपल्या राखीव मतदारसंघात उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, मतदार मात्र सगळेच. हंगेरीचं प्रकरण 1909 च्या, मुस्लिमांसाठी वेगळे मतदार असलेल्या विभक्त मतदारसंघांकडे झुकतं, तेही अर्धंच. संसदेच्या 199 जागांपैकी 106 मतदारसंघांतून, 93 याद्यांतून. मान्यताप्राप्त अल्पसंख्याक गट 13. जो मतदार आपल्या गटाचा म्हणून नोंद करतो, त्याला पक्षांच्या यादीऐवजी गटाची यादी मिळते. मतदारसंघातल्या उमेदवाराचं मत तेवढं शाबूत.

गटाला पहिली जागा पाव कोट्यात मिळते, म्हणजे याद्यांच्या एका जागेमागे पडणाऱ्या मतांच्या चौथ्या भागात. समजा सगळ्या याद्यांची मिळून मतं 88,00,000 भरली: भागिले 93, पुन्हा भागिले 4, म्हणजे साधारण 23,656. जर्मन गटाने 2018 आणि 2022 मध्ये हा उंबरठा ओलांडला. बाकीच्यांच्या वाट्याला संसदेत मत नसलेला प्रवक्ता. नोंद करताना पक्षाच्या यादीचं मत जातं हे मतदाराला कुणी सांगितलं का, हे मतदानाच्या दिवशी शोधून उपयोग नाही.

तिरकस
शिवाय एका गटाची यादी एकच. मतपत्रिकेवर दुसरं नावच नसल्याने तुम्ही ती हातात घेतलीत की मत कुणाला, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं! ग्रीक आणि आर्मेनियन मतदारांच्या दाव्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2022 ला हंगेरीविरुद्ध निकाल दिला, त्यात गुप्ततेचा आणि पर्याय नसण्याचा मुद्दा होताच.

मोजपट्टी
अर्ध्या तासात टेबलाशी उभं राहा. मतपत्रिका हातात पडण्याचा क्षण बघायचा. क्रोएशियात 151 पैकी 8 जागा अल्पसंख्याकांच्या (3 सर्बांच्या), आणि तिथला मतदार त्याच दिवशी ठरवतो: अल्पसंख्याकांची मतपत्रिका की सर्वसाधारण. अधिकारी दोन्ही पर्याय सांगतो, की मतदारयादीतली खूण पाहून एकच सरकवतो? निवड मोठ्याने बोलून दाखवावी लागते का? रांगेतल्यांना ती ऐकू जाते का?

मग भाषा: भिंतीवरच्या सूचना कुठल्या भाषेत, केंद्रावरच्या अधिकाऱ्यांत ती समजणारं कुणी आहे का. एकच माणूस चार-पाच मतदारांसोबत आडोशात "मदतीला" जात असेल तर वेळेसकट नोंदवा. हस्तक्षेप करायचा नाही. आणि मतदाराला "तुम्ही कुठल्या गटाचे?" हे कधीही विचारू नका, ओळख सांगायची की नाही हा त्याचा हक्क.

कोरी पाटी
पण मार्गावर अशी वस्तीच आली नाही तर?

मोजपट्टी
बऱ्याचदा येत नाही, आणि मग अहवालात सगळं आलबेल दिसतं. मार्ग दीर्घकालीन निरीक्षक आखतात, ते काही आठवडे आधीपासून त्या भागात असतात. ब्रीफिंगलाच त्यांच्याकडून वस्त्यांची नावं मागून घ्या आणि दहाएक केंद्रांपैकी दोन-तीन तिथली धरा. दुभाषा अल्पसंख्याक भाषा जाणणारा हवा, पण त्याच गावचा नको. गावचा असला की मतदार त्याच्याकडे बघून उत्तरं देतात.